तलवारींची नव्वी : रंग काढून पाहिलेला एक टॅरो संच

माझी एक मैत्रीण टॅरो वाचते, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांवरून भविष्य सांगते. गेल्या दिवाळीनंतर ती माझ्याकडे एक काम घेऊन आली. 78 पत्ते, सगळे हाताने काढलेले, फक्त काळी शाई, रंगाचा टिपूसही नको, आणि बाज डार्क. "बघताक्षणी अंगावर आलं पाहिजे गं," हे तिचे शब्द. मी टाकाने आणि ब्रशने चित्रे काढते, बहुतेक पुस्तकांसाठी. काळ्या-पांढऱ्यातच माझी वीस वर्षे गेली, म्हणून मी लगेच हो म्हटले.

पहिला पत्ता काढायला घेतला तो नाइन ऑफ स्वोर्ड्स. आपल्याकडे पत्त्यांत नव्वी म्हणतात, म्हणून माझ्या तोंडी ती तलवारींची नव्वी झाली. ज्याला ज्याला मी डार्क समजत होते ते सगळे मी त्यात घातले. कवट्या आल्या, कावळे आले, वाळलेली झाडे आली, वर उभ्या-आडव्या रेघांचे दाट जाळे आले. ए-फोर कागदावर चित्र देखणे दिसत होते. पत्त्याच्या मापाला, म्हणजे 70 बाय 120 मिलिमीटरला आणले आणि त्याचा चिखल झाला. मैत्रिणीने हात लांब करून पत्ता धरला, डोळे बारीक केले आणि विचारले, "हे नक्की काय आहे?"

तो प्रश्न मला पामेला कोलमन स्मिथ यांच्याकडे घेऊन गेला. आज टॅरो म्हटले की जगभर ज्या चित्रांची आठवण होते, तो 1909 चा रायडर-वेट संच त्यांनी काढला. तो रंगीत आहे. पिवळे आकाश, निळे झगे, लाल गुलाब. मात्र संचाची कल्पना ज्यांची, त्या आर्थर एडवर्ड वेट यांनी त्यावर जे पुस्तक लिहिले, 1911 च्या त्या पुस्तकात हीच सगळी चित्रे रंगाशिवाय, नुसत्या काळ्या रेघेत छापलेली आहेत. मी ती 78 पाने पत्त्याच्या मापात छापून घेतली आणि घरातल्या फरशीवर ओळीने मांडली. पुढचे सगळे त्या फरशीवरून सुचलेले आहे.

आधी काय होते

टॅरोचा अंधार फार जुना आहे, मध्ययुगातून चालत आला आहे, असे बहुतेकांना वाटते. मलाही वाटायचे. मृत्यू, सैतान, कोसळता मनोरा ही मोठ्या 22 पत्त्यांतली चित्रे खरोखरच जुनी आहेत. पण उरलेल्या 56 छोट्या पत्त्यांची, म्हणजे तलवारी, प्याले, काठ्या आणि नाणी या चार गटांची गोष्ट वेगळी. फ्रान्समध्ये रुळलेल्या मार्सेय पद्धतीच्या संचात तलवारींची नव्वी म्हणजे नऊ तलवारींची सुबक नक्षी, इतकेच. माणूस नाही, खाट नाही, रात्र नाही. प्याल्यांची पंजी म्हणजे पाच प्याले आणि थोडी वेलबुट्टी.

सावंतवाडीची गंजिफा ज्यांनी हातात घेतली आहे त्यांना हे पटकन कळेल. दशावतारी गंजिफेत 10 रंग, म्हणजे बदाम-इस्पिकसारखे गट, आणि प्रत्येक गटाचे 12 पत्ते, एकूण 120. राजा आणि प्रधान यांच्यावर आकृती असते; बाकी एक ते दहा या पत्त्यांवर त्या अवताराची खूण मोजून काढलेली. मत्स्याची सत्ती म्हणजे सात मासे. कितीही सुंदर काढले तरी ते मासे सातच, त्यांना काही झालेले नसते. मार्सेयच्या तलवारींनाही तसेच काही झालेले नव्हते.

झोप उडालेली बाई, पाठीत दहा तलवारी घेऊन पडलेला माणूस, सांडलेल्या प्याल्यांपुढे खाली मान घालून उभा असलेला काळ्या झग्यातला माणूस: छोट्या पत्त्यांतला हा सगळा काळोख 1909 मध्ये लंडनमधल्या एका चित्रकर्तीच्या टेबलावर आकाराला आला. दंतकथांचे धुके बाजूला सारले की ही साधी गोष्ट दिसते, आणि मला तरी ती दंतकथांपेक्षा जास्त विलक्षण वाटते.

अगदी शून्यातून मात्र नाही. पंधराव्या शतकाच्या अखेरीस उत्तर इटलीत सोला बुस्का नावाचा एक संच तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापला गेला होता. त्यात छोट्या पत्त्यांवरही माणसे आणि प्रसंग आहेत. 1907 मध्ये या संचाची छायाचित्रे ब्रिटिश म्युझियमकडे आली, आणि स्मिथ यांनी ती पाहिली असणार हे दोन्ही संच शेजारी ठेवले की दिसतेच. तीन तलवारींनी विंधलेले हृदय थेट तिथले आहे. तिथल्या तलवारींच्या दश्शीतला, ओझ्याखाली वाकलेला माणूस इथे काठ्यांच्या दश्शीत आला आहे.

ही छायाचित्रे 1907 ची, म्हणजे काळी-पांढरी. मूळ पत्ते हाताने रंगवलेले होते, पण स्मिथ यांच्यापुढे आले असणार ते करड्या छटांत. काळ्या-पांढऱ्या टॅरोचा धागा शोधायला निघालेल्या माझ्यासारखीला याचे अप्रूप वाटणारच. ज्या संचाचा रंग काढून मी शिकत होते, तो काढणारी बाईसुद्धा रंग गळालेल्या संचाकडे बघूनच शिकली असणार.

हात कुठे घडला

स्मिथ यांचा जन्म 1878 चा, लंडनचा, आईवडील अमेरिकन. बालपणाचा काही काळ मँचेस्टरला, पुढे जमैकात. तिथे ऐकलेल्या अनान्सी या आठ पायांच्या कोळ्याच्या गोष्टी त्यांनी 1899 मध्ये स्वतःच्या चित्रांसह पुस्तकरूपात आणल्या. मधल्या काळात, 1893 ते 1897, त्या न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये चित्रकला शिकत होत्या. पदवी घेतली नाही. पण तिथे आर्थर वेस्ली डाउ शिकवत होते, आणि माझ्या मते या प्रकरणाची किल्ली तिथे आहे.

डाउ जपानी छापचित्रांचे अभ्यासक होते. चित्राची तीन अंगे ते मानत: रेघ, नोतान आणि रंग. नोतान हा जपानी शब्द. त्याचा अर्थ काळ्या आणि पांढऱ्या क्षेत्रांची मांडणी. हे आपल्या नेहमीच्या छायांकनाहून वेगळे आहे. छायांकन करताना आपण विचारतो की उजेड कुठून येतो, मग वस्तूची सावली कुठे पडेल. नोतानमध्ये उजेडाचा प्रश्नच नसतो. कागदावर काळ्याचा एक तुकडा आणि पांढऱ्याचा एक तुकडा शेजारी ठेवायचे आणि दोघांचेही आकार बघायला चांगले झाले पाहिजेत, इतकीच अट. रांगोळी काढणाऱ्या हातांना हे शिकवावे लागत नाही. दोन रेघांमधली मोकळी जमीनही त्यांना आकारच वाटते.

दुसरी शाळा रंगभूमीची. हेन्री आयर्विंग आणि एलन टेरी या नट-नटीच्या, लंडनमधल्या लायसियम थिएटरच्या मंडळींबरोबर त्या फिरल्या. नाट्यगृहाचा कारभार पाहणारे ब्रॅम स्टोकरही त्या वर्तुळातले. पिक्सी हे टोपणनाव त्यांना एलन टेरी यांनी दिले. पोशाख, नेपथ्य, पुठ्ठ्याचे छोटे रंगमंच, यांत त्यांचा हात बसला. फरशीवर मांडलेल्या पत्त्यांत हे मला लख्ख दिसले. नाण्यांची दुर्री बघा. नाचणाऱ्या माणसाच्या मागे एक आडवी दुहेरी रेघ आहे. अलीकडे रंगमंचाची फळी, पलीकडे समुद्राचा रंगवलेला पडदा. तलवारींच्या सत्तीतही तेच: चोर पुढे फळीवर, तंबू मागे पडद्यावर. पात्र नेहमी अशा ठिकाणी उभे की शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही त्याची ढब कळावी.

पत्ता वाचणारा माणूस म्हणजे शेवटच्या रांगेतला प्रेक्षकच आहे, हे मला त्या फरशीवर पहिल्यांदा कळले. पत्ते पसरलेले असतात, दिवा मंद असतो, पत्ता हातभर लांब असतो, कधी उलटाही पडतो. तिथे कावळ्याचे पीस मोजायला कोणी वाकत नाही. माणूस वाकला आहे की ताठ आहे, एवढेच पोचते.

तिसरी तालीम स्वतःच घेतलेली. 1903-04 मध्ये स्मिथ यांनी एक छोटे मासिक चालवले. त्याचे 13 अंक निघाले. काळी रेघ छापायची आणि रंग हाताने भरायचे, अशी त्याची रीत. म्हणजे रंग येण्यापूर्वी रेघ स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे ही त्यांची रोजची सवय होती. सहा वर्षांनी टॅरो काढताना ती कामी आली. पुढे छापखान्याने रंगांचे काय करायचे ते केले. रेघ कोसळली नाही.

खोलीत नऊ तलवारी

आता नव्वीकडे येते. हा एक पत्ता मी महिनाभर टेबलासमोर चिकटवून ठेवला होता.

पार्श्वभूमी ठार काळी. त्यावर नऊ पांढऱ्या तलवारी आडव्या, एकीखाली एक, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. खाली खाट. खाटेवर पांढऱ्या कपड्यातली एक व्यक्ती उठून बसली आहे, दोन्ही हातांत तोंड लपवून. पायांवर पांघरूण आहे, चौकटी-चौकटींचे; काही चौकटींत गुलाब, काहींत राशींच्या आणि ग्रहांच्या खुणा. खाटेच्या लाकडी फळीवर कोरीवकाम आहे, त्यात एक माणूस दुसऱ्याला मारून पाडतो आहे.

मी केलेल्या चित्रात जे जे होते त्यातले यात काहीच नाही. कवटी नाही. रक्त नाही. नऊपैकी एकही तलवार त्या व्यक्तीच्या अंगात शिरलेली नाही. सगळ्या मागे, भिंतीवर असाव्यात तशा. चेहरासुद्धा दिसत नाही. तरी पत्ता उघडला की पोटात खड्डा पडतो.

कसा पडतो, ते समजून घ्यायला मी एक उद्योग केला. चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून फक्त काळी क्षेत्रे भरली, रेघा सोडून दिल्या. तेव्हा दिसले की सलग काळे आहे ते वरच्या भागातच. खालचा भाग, म्हणजे खाट, पांघरूण, माणूस, सगळा उजळ. अंधार खोलीत पसरलेला नाही, तो डोक्यावर टांगलेला आहे, आणि त्याला तलवारींच्या पांढऱ्या पट्ट्यांनी आडवे कापले आहे. नजर पट्ट्यापट्ट्याने खाली उतरत येते आणि शेवटी झाकलेल्या तोंडावर थांबते. रात्री तीन वाजता जाग आली की विचार असेच एकाखाली एक रचलेले असतात. ज्याने एकदा तरी अशी रात्र काढली आहे त्याला हा पत्ता समजावून सांगावा लागत नाही.

आणि पांघरूण. चित्रातली सगळ्यांत बारीक कलाकुसर तिथे आहे. कोणीतरी फुलाफुलांचे, वेळ घालवून केलेले पांघरूण या व्यक्तीच्या अंगावर आहे, आणि तिला त्याचे भान नाही. मला वाटते या पत्त्यातले खरे दुःख तलवारींपेक्षा तिथे जास्त आहे.

बाकीच्या गडद पत्त्यांवरही मी ट्रेसिंग पेपर ठेवला. फरशीवरच्या 78 पत्त्यांत ज्यांची पार्श्वभूमी खरोखर काळी आहे असे पत्ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. सैतान. कोसळता मनोरा. ही नव्वी. तलवारींच्या दश्शीत वरचे आकाश काळे, पण क्षितिजाशी उजेडाचा एक पट्टा सोडलेला. मृत्यूच्या पत्त्यात तर आभाळ मोकळे आहे. काळे आहे ते सांगाड्याच्या अंगावरचे चिलखत आणि त्याच्या हातातले निशाण, आणि त्या निशाणावर मधोमध पांढरा गुलाब. घोडाही पांढरा. सगळ्या संचात लोक ज्या पत्त्याला सर्वांत जास्त घाबरतात त्यात पांढराच जास्त आहे.

इथे माझी चूक मला सापडली. मी 78 च्या 78 पत्त्यांना काळोखात बुडवायला निघाले होते. सगळेच काळे असेल तर डोळा पाच पत्त्यांत सरावतो आणि मग कशाचेच काही वाटत नाही. पंधरा उजळ पत्त्यांनंतर एक ठार काळी पार्श्वभूमी आली की समोरच्याचा श्वास अडतो. डार्क संचात उजेडाचे पत्ते किती आणि कुठे, हा प्रश्न आधी सोडवायला हवा होता. मी तो विचारलाच नव्हता.

मोबदला, दगड आणि नाव

प्रकरणाचा हा भाग लिहिताना माझा जीव कळवळतो, कारण हा धंदा माझाही आहे.

वेट आणि स्मिथ दोघेही गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळातले. स्मिथ तिथे 1901 मध्ये गेल्या. टॅरोची कल्पना आणि मोठ्या पत्त्यांतल्या प्रतीकांच्या सूचना वेट यांच्या. छोट्या 56 पत्त्यांसाठी त्यांनी स्मिथ यांना बरीच मोकळीक दिली असावी असे अभ्यासक मानतात, आणि चित्रे पाहता तेच खरे वाटते. काम 1909 मध्ये, साधारण सहा महिन्यांत उरकले. म्हणजे हिशेब केला तर दर आठवड्याला तीन चित्रे, आणि एकही टाकाऊ नाही. मी एका नव्वीला महिना लावला.

नोव्हेंबर 1909 मध्ये स्मिथ यांनी न्यूयॉर्कचे छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांना पत्र लिहिले. याच स्टिग्लिट्झ यांनी 1907 च्या जानेवारीत आपल्या 291 या गॅलरीत स्मिथ यांचे प्रदर्शन लावले होते. छायाचित्रांच्या त्या दालनात छायाचित्र नसलेले ते पहिले प्रदर्शन. पत्रात त्या सांगतात की एक मोठे काम संपवले, पैसे फारच थोडे मिळाले. पत्ते लिथोवर रंगीत छापले जाणार आहेत, आणि छपाई बहुधा वाईटच होईल, हेही त्यांनी आधीच लिहून ठेवले आहे.

लिथो म्हणजे आपली शिळाप्रेस. आपल्याकडे त्याच सुमारास मळवलीच्या रविवर्मा प्रेसमध्ये देवादिकांची चित्रे अशीच दगडांवरून छापली जात होती: प्रत्येक रंगाला वेगळा दगड, प्रत्येक दगडावर चित्र पुन्हा उतरवायचे. उतरवणारा कारागीर वेगळा असतो. त्याचा हात कितीही तयार असला तरी मूळ रेघेतला दाब, टाक वळताना आलेली जाडी, ती त्याच्या हातून जशीच्या तशी येत नाही. डिसेंबर 1909 मध्ये लंडनच्या विल्यम रायडर अँड सन या प्रकाशनाने संच बाजारात आणला. पुढच्या छपायांत चित्रे पुन्हा पुन्हा उतरवली गेली, आणि प्रत्येक वेळी रेघ थोडी सरकली. जुन्या प्रती जमवणारे आज त्या छपायांना ए, बी, सी, डी अशी अक्षरे देतात आणि एखाद्या पात्राच्या भुवईवरूनही प्रत ओळखतात. मूळ चित्रांचा आज पत्ता नाही. आपण ज्याला स्मिथ यांची रेघ म्हणतो ती दुसऱ्या कुणाच्या तरी हातातून चाळून आलेली आहे.

म्हणून 1911 च्या पुस्तकातली रंगहीन चित्रे मला मोलाची वाटतात. तीही मूळ नव्हेत. पण तिथे रेघेवर रंगाचे थर नाहीत, आणि काळे तेवढे शिल्लक आहे.

नावाचे काय झाले? संच रायडर-वेट म्हणून ओळखला गेला. रायडर प्रकाशक, वेट लेखक. जिने 78 चित्रे काढली तिचे नाव डब्यावर नाही. पत्त्यांवर मात्र आहे. कोपऱ्यात, बहुतेक ठिकाणी उजवीकडे खाली, पी, सी आणि एस ही अक्षरे एकमेकांत गुंफलेली एक नागमोडी खूण. गवतात, दगडात, कपड्याच्या चुणीत लपलेली. नव्वी हातात आली की आता मी आधी ती शोधते.

स्मिथ 1911 मध्ये कॅथलिक झाल्या. पुढे थोडा वारसा मिळाला तेव्हा इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये राहायला गेल्या. 18 सप्टेंबर 1951 रोजी बूड या गावी वारल्या तेव्हा अंगावर कर्ज होते. घरातले सामान विकून देणी भागवली गेली. त्यांची कबर कुठे आहे ते कुणाला दाखवता येत नाही. पत्ते त्यानंतर जगभर गेले. 1971 मध्ये अमेरिकेतल्या यू. एस. गेम्स या कंपनीने हक्क घेतले आणि संच घरोघरी पोचला. 2009 मध्ये, शंभर वर्षांनी, स्मिथ यांचे नाव पुढे असलेला संच निघाला. आता टॅरोवाले रायडर-वेट-स्मिथ असे म्हणू लागले आहेत. मी ज्यांना शिकवते त्या मुलींना मी नुसते "पामेलाचा संच" म्हणायला सांगते.

रंगाशिवाय काढणारे पुढचे

काळ्या रेघेतच थांबलेले संच पुढे झाले. अमेरिकेत पॉल फॉस्टर केस यांनी आपल्या मंडळासाठी जेसी बर्न्स पार्क या चित्रकर्तीकडून संच काढून घेतला. तो नुसता रेघेत छापला, कारण रंग प्रत्येक शिष्याने स्वतः भरायचे. रंगवणे हीच तिथली साधना. 1970 च्या दशकाच्या अखेरीस गॉडफ्रे डाउसन यांचा हर्मेटिक टॅरो आला. तो पूर्ण काळा-पांढरा आहे, आणि खरोखर गडद. गोल्डन डॉनची सगळी शिकवण, ग्रह, राशी, देवदूतांच्या खुणा, एकेका पत्त्यात ठासून भरलेली. त्यातल्या रेघेपुढे मी हात जोडते. पण तो टेबलावर उजेड लावून, एकेक पत्ता हातात घेऊन वाचायचा संच आहे. माझ्या मैत्रिणीला हवा होता तो लांबून बोलणारा. त्यासाठी मला पामेलाकडेच परत यावे लागले.

माझ्या टेबलावर

आधी हक्कांचे बोलते, कारण विद्यार्थी हटकून विचारतात. आपल्या कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे स्वामित्वहक्क राहतो. स्मिथ 1951 मध्ये गेल्या, म्हणजे भारतात 1 जानेवारी 2012 पासून त्यांची मूळ चित्रे मोकळी आहेत. ब्रिटनमध्ये 70 वर्षांचा नियम, तिथे 2022 पासून. मात्र नंतर कुणी नव्याने रंगवलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या आवृत्तीवर त्याचा वेगळा हक्क असू शकतो. शिकायचे असेल तर जुन्या छपाईवरून शिकावे.

दुसऱ्या वेळी मी नव्वी पत्त्याच्या दीडपट मापातच काढली, ए-फोरवर नाही. चित्र निम्म्यावर आणले की दोन रेघांमधली फटही निम्मी होते, 0.2 मिलिमीटरची फट 0.1 वर येते आणि ऑफसेट छपाईच्या मशीनवर शाई जराशी पसरली की ती बुजते. माझ्या पहिल्या चित्राचा चिखल असा झाला होता. या वेळी जाळे टाकलेच नाही. काळे हवे तिथे ब्रशने सलग भरले, बाकी रेघ एकेरी ठेवली.

छापखान्यात नवे धडे मिळाले. नुसत्या काळ्या शाईने छापलेला मोठा भाग सुकल्यावर करडा, कोळशासारखा दिसतो. त्याखाली निळ्याचा हलका थर दिला तर काळे खोल होते, पण दोन छाप केसभर जरी हलले तरी पातळ पांढऱ्या रेघांना निळी कड येते. माझ्या तलवारींच्या पात्यांवर ती आलीच. तेव्हा पाती जाड केली आणि निळा थर पात्यांच्या कडेपासून थोडा आत घ्यायला सांगितला. मशीनवरच्या दादांनी तीन वेळा प्लेट बदलून दिली. त्यांनाही ते काळे काळे दिसायला हवे होते.

कडेचा प्रश्न त्याहून अवघड. डार्क संच म्हणून मी काळे थेट पत्त्याच्या कडेपर्यंत नेले होते. नमुन्याचे पत्ते आठवडाभर पिसले आणि कोपऱ्यांवर पांढरे टवके दिसायला लागले. 1909 च्या संचात चित्राला बारीक काळी चौकट आणि बाहेर पांढरी कड का आहे, हे तेव्हा उमगले. पत्ता झिजतो तो त्या पांढऱ्यात झिजतो, अंधाराला धक्का लागत नाही. मीही कड सोडली. शिवाय त्या पांढऱ्या कडेमुळे आतले काळे आणखी काळे दिसते. डाउ यांच्या वर्गात हे पहिल्या दिवशी सांगत असतील.

उरले पांघरूण. राशी-ग्रहांच्या चौकटी मला काढवेनात. त्या पामेलाच्या मंडळाच्या खुणा, माझ्या हातात उसन्या वाटत होत्या. मी माझ्या आजीची गोधडी कपाटातून काढली. जुन्या नऊवारीचे, धोतराचे, शर्टाचे तुकडे, आणि त्यांवर कडेपासून मध्यापर्यंत चौकोनात फिरत गेलेला धावदोरा. टाकाने धावदोरा काढणे हे शाईचे काम मी आयुष्यात केले त्यात सर्वांत संथ: एक आडवी टीप, एक फट, पुन्हा टीप. चार दिवस लागले. संपूर्ण पत्त्यात बारीक रेघ आहे ती फक्त तिथेच.

मैत्रीण परवा आली. संध्याकाळ होती, वीज गेली होती, खिडकीतून येईल तेवढाच उजेड. मी दोन्ही नव्व्या टेबलाच्या पलीकडच्या टोकाला ठेवल्या, कावळ्यांची आणि गोधडीची. ती दारातच थांबली. पहिलीवरून तिची नजर सरकून गेली. दुसरीकडे बघत ती काही वेळ तशीच उभी राहिली, मग पुढे येऊन तिने पत्ता उचलला नाही, फक्त गोधडीवर बोट ठेवले आणि म्हणाली, "ही झोपलेली नाहीये ना गं कितीतरी दिवस."

77 पत्ते बाकी आहेत. उद्या प्याल्यांची पंजी घेते आहे.